ताशी दरावरून हातातला पगार काढण्याची रीत

ताशी दराचा हिशेब करताना महिना 30 दिवसांचा धरू नये. 30 दिवसांचा महिना घरमालकाचा. दूधवाल्याचा तर 31 चाही असतो. पगाराचा महिना 26 दिवसांचा आणि दिवस 8 तासांचा.

चाकणच्या कारखान्यातला 70 रुपये ताशी दराचा कामगार घ्यावा. मूळ पगार आणि महागाई भत्ता त्यातच आले. रोजचे 560, महिन्याचे 14,560. हा आकडा ग्रॉस. सोयरीक जुळवताना हाच सांगतात. उसने मागणाऱ्या मेव्हण्याला पुढचा सांगावा.

आता कात्री. पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,747 रुपये. मालकही तेवढेच भरतो, पण त्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात. तेव्हा पासबुकात मालकाचा हिस्सा बारीक दिसला म्हणून कारकुनाची कॉलर धरू नये. ईएसआय 0.75 टक्का, म्हणजे 109 रुपये 20 पैसे, कापतात 110. पीएफ जवळच्या रुपयावर थांबतो, ईएसआय मात्र नेहमी वरच्या रुपयावर चढतो. 80 पैशांसाठी युनियनकडे जाण्याची प्रथा अजून पडलेली नाही.

मग व्यवसाय कर. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार तो वर्षाला 2,500 रुपयांच्या वर नेता येत नाही. 200 रुपये बारा महिने घेतले तर 2,400 च होतात, आणि उरलेले 100 सोडून देणे शासनाच्या स्वभावात बसत नाही. ते फेब्रुवारीत घेतात. 28 दिवसांच्या फेब्रुवारीत चार रविवार वजा जाता हजेरी 24 दिवसांची. ग्रॉस 13,440 वर येते आणि कर 300 वर जातो. एरवी हातात 12,503 पडतात, फेब्रुवारीत 11,426. महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही, त्यामुळे शेजारच्या मशिनवरच्या बाईंना त्याच दराने एरवी 12,703 मिळतात. यावर डब्याच्या सुट्टीत चर्चा होते. निष्पन्न काही होत नाही.

ओव्हरटाइम दुप्पट दराने. दहा तासांचे 1,400 रुपये. त्यावर पीएफ नाही, ईएसआय मात्र 2025 पर्यंत लागत असे. तेव्हा एकूण ईएसआय वरच्या रुपयावर चढून 120 होई. हातात 13,893 पडत.

प्राप्तिकराची चिंता लवकर उरकावी. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर भरावा लागत नाही. एवढी कमाई व्हायला ताशी दर 510 रुपयांच्या पुढे हवा. तो होईपर्यंत रकान्यात शून्य लिहावे, ठळक.

शेवटी कायद्याच्या पुस्तकात सगळ्यांत कमी आणि पगारपत्रकात सगळ्यांत जास्त जागा घेणाऱ्या गोष्टी : खाडे, कँटीन आणि उचल. खाडा झाला की 560 रुपये ग्रॉसमधूनच जातात, त्यामुळे वरची सगळी आकडेमोड पुन्हा करावी. कँटीनचा आकडा तपासून घ्यावा. उचल तपासू नये. ती कारकुनाला तारखेसकट पाठ असते.