आत्याची सुलटी प्रदक्षिणा

विल्टशायरमधल्या स्टाउरहेडच्या बागेत देवळं आहेत, एवढं ऐकून आत्याने पिशवीत खडीसाखर घेतली. ती देवळं हेन्री होअर नावाच्या लंडनच्या बँकवाल्याने अठराव्या शतकात बांधली, आणि तीही पूजेसाठी नाही, शोभेसाठी, हे सांगायचा धीर तिकिटं काढेपर्यंत कुणाला झाला नाही.

होअरने बांध घालून तळं केलं आणि काठाने देवळं मांडली. तळं डाव्या हाताला ठेवून फिरलं की एकेक देऊळ नेमक्या वळणावर झाडांतून डोकावतं. "डाव्या हाताला? ही कुठली प्रदक्षिणा?" म्हणत आत्या उलटी, म्हणजे तिच्या मते सुलटी, निघाली. त्यामुळे वाटेवरचा प्रत्येक इंग्रज आम्हांला समोरासमोर भेटला, आणि इंग्रज समोर आला की हवेवर बोलल्याशिवाय सुटका नाही. शेवटी शेवटी आत्याच आधी 'लव्हली डे' म्हणू लागली. पाऊस पडत होता.

टेकडीवर अपोलोचं गोल देऊळ, १७६५ सालचं. २००५च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सिनेमात डार्सी इथेच ओलाचिंब होऊन एलिझाबेथला मागणी घालतो आणि ती नाही म्हणते, असं बायकोने भारावून सांगितलं. "मोठ्यांना मधे न घालता विचारलं की असंच होतं," आत्या म्हणाली.

पुढे पँथिऑन. रोममधल्या मूळ वास्तूची ही आटोपशीर आवृत्ती. आत रिसब्रॅकने घडवलेला संगमरवरी हर्क्युलिस, त्याच्या गोतावळ्यात रोमन देवी आणि सेंट सुझाना ही ख्रिस्ती संतीणसुद्धा. ही सर्वधर्मीय पंगत आत्याला आवडली. हर्क्युलिसचा सोटा पाहून तिने त्याला भीम ठरवलं. "पण एवढा पैसेवाला माणूस, भीमाला साधा पंचा नाही?"

दगडी गुहेत मात्र तिचे हात आपोआप जुळले. निजलेल्या जलकन्येखालून खऱ्या झऱ्याचं गार पाणी वाहत होतं. होअरच्या सगळ्या खर्चात देवाच्या जवळपास पोचलेली गोष्ट हीच, आणि पाणी त्याच्या बँकेतून आलेलं नाही, हे माझंही मत.

सर्वांत शेवटी फ्लोराचं देऊळ. त्याच्या दारावर लॅटिनमध्ये अपवित्रांना दूर राहायची ताकीद कोरली आहे. सुलट्या प्रदक्षिणेमुळे ती आम्हांला सगळं पाहून झाल्यावर मिळाली.

ही बाग १९४६पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. ट्रस्टच्या सभासदांना तिकीट पडत नाही. बाकी भाविकांना पडतं.