दिवाळीत पडलेला सिनेमा

न्यू जर्सी, डिसेंबर

ती. बाबा आणि आई,


चिक्की पोचली. निम्मीचा चुरा झालाय, तो दुधात घालून संपवतोय, काळजी नको. वलवणच्या काकांनी थर्टी फर्स्टला बंगला परत मुंबईकरांना दिला ना? म्हणजे ते बिऱ्हाड चार दिवस भांगरवाडीत आपल्याकडे, आणि टीव्हीवर 'अंदाज अपना अपना'. बाबा, फोनवर तुम्ही ठणकावलंत की तो तेव्हा पडला, कारण लोकांना अक्कल नव्हती. हे काही पटत नाही. ४ नोव्हेंबर १९९४ला, ऐन दिवाळीत तो लागला आणि आपटला. पुढे केबलवर आणि कॅसेटवर त्याला डोक्यावर घेणारी माणसं बरीचशी तीच होती. अक्कल एवढ्या लवकर येत नाही (काकांकडे पाहा). बदलली ती बघायची जागा. तिकीट काढलेला माणूस गोष्ट मागतो, आणि राजकुमार संतोषींच्या या सिनेमात गोष्ट बेताचीच. घरी मात्र चकल्या तळून मधूनच येऊन बसा. तेजा कोण आणि राम गोपाल कोण हा परेश रावलचा घोळ चालू असला की मागचं काही अडत नाही.

इथे नाताळात घरोघरी 'इट्स अ वंडरफुल लाइफ' लावतात. फ्रँक काप्राचा, १९४६चा, कृष्णधवल. त्या वेळी खर्चसुद्धा निघाला नव्हता. त्याला तारलं ते इथल्या एका खाष्ट नियमानं. तेव्हा हक्क २८ वर्षं टिकायचे, पुढे हवे असतील तर मुदतीत अर्ज करायचा. सातबाऱ्यावर वारस लावायचा राहून जावा तसा १९७४मध्ये तो अर्ज राहिला. मावळात यावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या. इथे टीव्हीवाल्यांनी फुकटचा माल म्हणून नाताळभर तोच दाखवला. १९९३मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांवर बोट ठेवून मालकांनी तो परत ताब्यात घेतला, पण तोवर लोकांना त्याची सवय लागली होती.

तुम्ही म्हणाल, मग वारंवार दाखवलं की काहीही आवडेल. मुळीच नाही. बंड्याच्या लग्नाची कॅसेट आपल्याकडे दर दिवाळीला लागते, ती बंड्यालाही बघवत नाही. काप्राच्या शेवटात अख्खं गाव नाताळच्या आदल्या रात्री एका अडलेल्या माणसासाठी पैसे घेऊन येतं; सण त्यात आहेच. 'अंदाज'मध्ये दिवाळीचा संबंध नाही, तरी तो सणाला चालतो, कारण त्याला घोळका लागतो. क्राइम मास्टर गोगो तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य म्हणून टाकणारा मामा हवा, त्याला गप्प करणारी आई हवी. इथे लॅपटॉपवर सिनेमा हवा तेव्हा मिळतो, पण ही माणसं सगळी तुम्ही लोणावळ्यात अडकवून ठेवली आहेत.

तुमची,
सुमी