वाटेत हरवलेला व्होल्ट

मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळात भाऊकाकांना सगळे ओळखतात, म्हणूनच गणपतीच्या जेवणात त्यांच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहते. नवखं कोणी तिथं बसलंच, तर मोदकावर तूप पडायच्या आत प्रश्न येतो, "तुझ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज किती?" आणि "कधी बघितलं नाही" असं प्रामाणिक उत्तर दिलं की त्या माणसाची आरतीपर्यंत सुटका नाही.

निवृत्तीनंतर काकांनी पिकअप ट्रक घेतला आणि त्यावर बसणारा कॅम्पर घेतला. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या हौद्यात उतरवायची अख्खी खोली. चार कोपऱ्यांच्या जॅकवर ती उभी असते. ट्रक तिच्याखाली मागे घ्यायचा, जॅक खाली करायचे, की बिऱ्हाड निघालं. आत पलंग, शेगडी, फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप. काकूंनी यलोस्टोनची पुस्तकं आणली. काकांनी मल्टिमीटर आणला.

तेव्हापासून घरात एकच विषय आहे. ट्रकच्या अल्टरनेटरपाशी १४.२ व्होल्ट असतात आणि कॅम्परच्या बॅटरीपाशी १३.२ पोहोचतात. मधला एक व्होल्ट जातो कुठे? तर तारेत. ट्रेलरच्या सात पिनांच्या प्लगपर्यंत कंपनीनं जी तार ओढलेली असते ती बारीक. वीस फूट जायचं, वीस फूट यायचं, २५ अँपिअर वाहायचे. हिशेब बरोब्बर एक व्होल्टचा येतो. दहा गेजच्या तारेचा रेझिस्टन्स फुटामागे एक मिलिओहम असतो, हे आता काकू भिशीतसुद्धा सांगतात. त्यात तो गॅसवर किंवा विजेवर चालणारा फ्रीज वाटेत बॅटरीवर ठेवला, की तोच दहा-बारा अँपिअर गिळतो. दिवसभर गाडी चालवून मुक्कामाला पोहोचावं, तर बॅटरी निघताना होती तशीच अर्धपोटी.

शिशाची बॅटरी ही जुन्या वळणाच्या जावयासारखी. साडेतेरा व्होल्टांचा आग्रह तिला आग्रह वाटतच नाही. सव्वाचौदा-साडेचौदापर्यंत वाढत राहाल तरच ती पोटभर जेवणार, आणि शेवटचे चार घास तासन्‌तास चघळणार.

काकांनी चार गेजची जाड केबल ओढली. (अमेरिकेत गेजचा आकडा लहान तशी तार जाड, ही उलटी गंगा काकांना मनापासून आवडते, कारण ती समजावून सांगावी लागते.) केबल ओढून झाल्यावर कळलं, की ट्रकचा कॉम्प्युटर पेट्रोल वाचवायला अल्टरनेटरचं व्होल्टेज मध्येच स्वतःहून उतरवतो. मग आला डीसी-टू-डीसी चार्जर, जो मिळेल ते व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढं करून देतो. चार्जर आला म्हणून लिथियमची बॅटरी आली. आणि ही बॅटरी शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज केली तर कायमची बिघडते. आम्ही राहतो मिशिगनमध्ये. म्हणून बॅटरीखाली गरम करणारी पट्टी आली. ती पट्टी कशावर चालते? त्याच बॅटरीवर.

"म्हणजे हिला पांघरूण हिच्याच पैशातून!" काकू म्हणाल्या.

"अहाहा, आत्ता कुठे तुला विषय कळायला लागला," काका म्हणाले.

गॅरेजमध्ये काका केबलच्या टोकाला लग (जोडणीची धातूची कडी) लावताना बघावेत. आधी केबलवर गरम हवेनं आवळणारी नळी चढवायची. ती विसरून मागाहून कपाळावर हात मारणाऱ्यांची त्यांना फार कीव येते. मग साल काढायचं, तांब्याचा एकही केस तुटलेला नाही हे भिंग लावून बघायचं, लग बसवून हायड्रॉलिक यंत्रानं दाबायचा. मग केबलवर पाय देऊन दोन्ही हातांनी लग ओढायचा, दात-ओठ खाऊन. निघाला नाही तर पास. शेवटी नळीला गरम हवा, आणि तिच्यावर चिठ्ठी, शुद्ध मराठीत: 'ट्रककडून', 'फ्रीज', 'पंप', आणि एका लाल केबलवर नुसतं 'खबरदार'. एकदा दुरुस्तीला बोलावलेला अमेरिकन तंत्रज्ञ कॅम्परचा विजेचा फलक उघडून बराच वेळ उभा राहिला आणि पैसे न घेता निघून गेला.

थट्टा सोडून एक सांगायला हवं. फ्यूजच्या बाबतीत काका विनोद खपवून घेत नाहीत. बारा व्होल्टांचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर वाहतात, तार लाल होते, आणि कॅम्परच्या भिंती असतात प्लायवुडच्या. त्यामुळे बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज, हा बोटींसाठीचा नियम काकांनी जमिनीवर आणलाय. लहानपणी गिरगावच्या चाळीत फ्यूज उडाला की शेजारचे सरळ जाड तांब्याची तार गुंडाळून मोकळे व्हायचे. तो प्रसंग सांगताना काकांचा आवाज आजही चढतो.

बाकी निसर्गाशी त्यांचं वैर नाही, फक्त हिशेब आहे. छतावर सोलर पॅनेलं बसल्यापासून जुलैच्या उन्हात सगळा कॅम्पग्राउंड झाडाखालची जागा शोधतो आणि काका उघडं माळरान शोधतात. काकू आत भाजतात. सुपीरियर सरोवरावर सूर्यास्त बघायला लोक खुर्च्या टाकून बसले होते, तेव्हा काका मीटरकडे बघत म्हणाले, "पॉइंट चार अँपिअर. गेला."

पण शेजारच्या भल्यामोठ्या मोटरहोमची बॅटरी रात्री बसली, तेव्हा जेवण अर्धवट टाकून टॉर्च घेऊन धावले तेही काकाच. अर्थिंगच्या टर्मिनलवर चढलेला पांढरा थर घासून त्यांनी ते चालू करून दिलं. मालक पैसे देऊ लागला. काकांनी ते घेतले नाहीत. त्याऐवजी त्याला दीड तास ऐकायला बसवलं.

यलोस्टोन काकूंनी अखेर पाहिलं, बहिणीबरोबर, विमानानं जाऊन. ओल्ड फेथफुल गिझरचा उसळता फवारा आणि पुढे हसऱ्या काकू, असा फोटो त्यांनी काकांना पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं: "मस्त! मागे डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी कॅम्पर आहे बघ. त्याचं अर्धं पॅनेल सावलीत आलंय. सांगून ये त्याला."