एफओबी काका

डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी भागात, हे गृहस्थ हमखास भेटतात. वय पन्नाशीपुढचं, खिशाला दोन पेनं (त्यातलं एक फक्त सहीसाठी राखलेलं), आणि मोबाइलवर बोलताना आवाज असा की हॅम्बुर्गचा माणूस मोबाइलशिवायही ऐकेल. "एलईओ मिळाली ना? मग गेट-इन का अडलंय? संध्याकाळी कट-ऑफ आहे. शटआउट झालं तर बायरला काय तोंड दाखवू?" लोकलमधल्या शेजाऱ्याला वाटतं, यांचं कुणीतरी आयसीयूत आहे. तो सरकून जागाही देतो. प्रत्यक्षात कस्टमची परवानगी, म्हणजे एलईओ, मिळूनही रंगाच्या पिंपांनी भरलेला वीस फुटी कंटेनर न्हावाशेवाच्या रांगेत उभा असतो.

सोसायटीतल्या मुलांनी त्यांचं नाव ठेवलंय एफओबी काका. काकांना ते आवडतं.

1962 साली ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून एमआयडीसीची सुरुवात झाली. पुढे तिचे फाटे डोंबिवली-अंबरनाथला फुटले आणि रंग-रसायनांचे कारखाने उभे राहिले. अशा प्रत्येक कारखान्याला एक माणूस लागतो. पिंपात काय आहे हे त्याला कळलं नाही तरी चालतं, पण पिंपाबरोबर जाणारा प्रत्येक कागद त्याला तोंडपाठ हवा. त्या खुर्चीला एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन म्हणतात. काका उमेदवारीत होते तेव्हा कागद घेऊन फोर्टात, बॅलार्ड इस्टेटीत जावं लागे. 1989 साली न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, हळूहळू धंदा खाडीपलीकडे सरकला आणि त्यामागून काकाही. आता कारखाना घराच्या पाठीमागे आणि ऑफिस बेलापूरला. रोज ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा आणि ट्रान्स-हार्बर पकडायची.

काकांचा धर्मग्रंथ म्हणजे इन्कोटर्म्स. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने 1936 मध्ये तो पहिल्यांदा छापला. सध्या चालू आहे ती 2020 ची आवृत्ती. तीत ईएक्सडब्ल्यूपासून डीडीपीपर्यंत अकरा अटी आहेत: खर्च कुणी कुठवर करायचा आणि माल बुडाला तर कुणाचा बुडाला. एक्स-वर्क्स म्हणजे माल कारखान्याच्या दारात ठेवला, आता तुमचं तुम्ही बघा. डीडीपी म्हणजे वाहतूक, जकात सगळं भरून थेट तुमच्या पत्त्यावर. मधल्या नऊ पायऱ्यांवर काकांची हयात गेली. टोपणनावातली एफओबी त्यांतलीच: माल जहाजावर चढवून दिला की आपली जबाबदारी संपली.

त्यातही सीआयएफचा विषय निघाला की काका चहा बाजूला ठेवतात. "लोकांना वाटतं, सीआयएफ हॅम्बुर्ग म्हटलं की हॅम्बुर्गपर्यंत माल आपल्या जिवावर. साफ चूक! भाडं आपण भरायचं, विमा आपण काढायचा, पण न्हावाशेवाला माल जहाजावर चढला की जोखीम बायरची." 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं. सोसायटीतले सगळे टीव्हीपुढे हळहळत होते. काकांनी एकच प्रश्न केला, "एफओबी की सीआयएफ?" कुणालाच सांगता येईना. "नाहीतरी दोन्हींत जोखीम बायरचीच," म्हणत काका शांतपणे जेवायला बसले.

खरं तर कंटेनरच्या मालाला एफओबी लावू नये, एफसीए लावावं, असं पुस्तकच सांगतं. कारण माल जहाजावर चढायच्या कितीतरी आधी यार्डात सोपवलेला असतो. काकांना हे ठाऊक आहे. बायरला नाही, मालकालाही नाही. त्यामुळे आपल्याकडे एफओबीच चालतं आणि काकांचं टोपणनावही शाबूत राहतं.

बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटने मात्र त्यांना कायमचं घडवलं, किंवा बिघडवलं म्हणा. एलसीच्या व्यवहारात बँक माल पाहत नाही, कागद पाहते. कागद जुळले नाहीत की पैसे अडकतात. आता डोंबिवलीचं इंग्रजी स्पेलिंग किती प्रकारे होतं, हे स्टेशनपासून मानपाड्यापर्यंतच्या पाट्या वाचत गेलात की कळेल. एकदा एलसीत एक डोंबिवली आणि इनव्हॉइसवर दुसरीच डोंबिवली निघाली. बँकेतल्या तरुणाने विसंगती काढली. काकांनी एलसीच्या नियमांचं पुस्तक, यूसीपी 600, उघडून चौदाव्या कलमातला पत्त्यांचा पोटनियम त्याच्यापुढे ठेवला: देश तोच असेल तर पत्ता अक्षरशः जुळायची गरज नाही. त्या दिवसापासून तो तरुण काकांना 'सर' म्हणतो. तोटा असा झाला की काका आता लग्नपत्रिकाही त्याच नजरेने वाचतात आणि यजमानांना फोन करून मुहूर्त व तिथीतली विसंगती कळवतात.

काकूंनी हे सगळं पचवून वर परतफेड सुरू केली आहे. "अहो, दळण आणा. आणि एक्स-वर्क्स नको, पिठाचा डबा भरून ओट्यावर." शेजारणीने सत्यनारायणाला नेलेलं मोठं पातेलं महिनाभर परतलं नाही, तेव्हा काकांनी जिन्यात गाठून बजावलं, "वहिनी, फ्री डेज संपले. आता डिटेन्शन लागेल." रिकामा कंटेनर वेळेत परत केला नाही तर शिपिंग लाइन दिवसाच्या हिशेबाने हा दंड लावते, हे वहिनींना कुठून माहीत असणार? त्यांनी घाबरून पातेल्यासोबत वाटीभर शिराही पाठवला.

काकांचे जिवलग मित्र कल्याणचे. ते सीएचए, म्हणजे कस्टममधून माल सोडवणारे. नियमांत 2013 पासून त्यांना कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण बंदरावर कुणी म्हणत नाही. दोघांचा वाद ठरलेला. मित्र दुर्गाडी किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणतात, शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात आमच्या खाडीत झाली, तुमच्या डोंबिवलीत काय होतं? काका थेट पहिल्या शतकात जातात. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदर आहे खरं, पण तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही त्यात लिहिलंय. "म्हणजे तुमच्या बंदराची पहिली नोंदच डायव्हर्जनची!"

काकांचा खरा सीझन दिवाळी. फडके रोडच्या आसपास परदेशी फराळ पाठवणाऱ्यांचे फलक लागले की सोसायटीतल्या आया काकांकडे येतात. कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही, असा नियम जुलै 2016 पासून जगभर आहे. काकांनी तो चिवड्याला लावला. डबा आधी रिकामा तोलतात, मग भरलेला. काकूंच्या अनारशांच्या डब्यावर त्यांनी लिहिलं, 'सेड टू कंटेन अनारसे'. बंद खोक्यात काय आहे ते आम्ही पाहिलेलं नाही, पाठवणारा म्हणतो म्हणून लिहितो, अशा अर्थाचा हा शेरा शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंगवर मारते. काकूंचे अनारसे तुपात विरघळण्याची शक्यता कायम असल्याने कायद्याच्या दृष्टीने तो शेरा बिनचूक होता. घरात मात्र दोन दिवस बोलणं बंद होतं.

2025 च्या 29 ऑगस्टपासून अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी काढून घेतली. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट तेवढी राहिली. काकांनी इनव्हॉइस काटेकोर बसवायला घेतलं आणि चकलीचा दर लावला तीनशे रुपये किलो. काकू भडकल्या. "माझ्या चकलीची एवढीच किंमत?" पाचशेच्या खाली त्या ऐकेनात. शेवटी शंकरपाळ्यांचं वजन घटवून एकूण रक्कम मर्यादेत आणावी लागली.

यंदा परदेशी फराळ धाडणार असाल तर आपल्या गल्लीतले असे काका आधी गाठा. ते पैसे घेत नाहीत. फक्त पॅकिंग लिस्ट तीन प्रतींत न्या आणि निव्वळ वजन व डब्यासकट वजन वेगळं लिहा. पापड असतील तर त्यांचा क्रमांकही टाका. आपल्या सीमाशुल्काच्या यादीत पापडाला स्वतःचा आठ आकडी क्रमांक आहे: 19059040.