चिकूच्या माहेराहून

बायादोलिद, युकातान (मेक्सिको)
फेब्रुवारी, शनिवार रात्र

ती. बाबा आणि सौ. आई यांना
सा. न. वि. वि.

आई फोन हातात देतच नाही अशी बाबांची तक्रार होती, म्हणून हे पत्र. आई, तू त्यांच्यानंतर वाच.

आम्ही सगळे खुशाल आहोत. चिंगीचं नाक उन्हानं सोललंय आणि तुमच्या जावयांचा खिसा प्रवासानं. केरेतारोच्या घरात बसून सासूबाई कंटाळल्या, म्हणून पाच दिवसांची सुट्टी काढून आधी कानकूनला गेलो. तिथला निळाशार समुद्र पाहून त्या म्हणाल्या, "समुद्र डहाणूलाही आहे." मग माया लोकांचं चिचेन इत्झा दाखवायचं ठरलं.

जावयांनी सहल ठरवली. गाइड, जेवण, पोहणं, सगळं पैशात धरलेलं. सकाळी 7 वाजता बसमध्ये बसलो आणि पुढचा दीड तास ती बस कानकूनमधल्याच हॉटेलांच्या दारोदार माणसं गोळा करत फिरली. मग एका दुकानापुढे थांबली. तिथे चांदी, काळ्या काचेचे जग्वार आणि फुकट तकीला. सासूबाईंनी तकीला तीर्थासारखी तळहातावर घेतली, वास आला, आणि काही न बोलता माझ्या ओढणीला हात पुसला. मग सेनोतेत पोहणं. सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून झालेली नैसर्गिक विहीर. इथे जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच, सगळं पाणी पोटात. मग जेवण. आणि ऊन अगदी टाळूवर आलं तेव्हा चिचेन इत्झा. दीड तास.

गाइड प्रत्येक वाक्य आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत सांगायचा. म्हणजे आमच्या वाट्याला पाऊण तासच आला. चेंडूच्या मैदानावर मात्र तो रंगला. मैदान 168 मीटर लांब, 70 मीटर रुंद. भिंतीत सुमारे 6 मीटर उंचीवर दगडी कडं, आणि रबराचा जड चेंडू मारायचा तो कमरेनं. खाली भिंतीवर कोरलंय की एका खेळाडूचं मुंडकं उडवलंय आणि मानेतून रक्ताऐवजी साप निघतायत. आमचा गाइड म्हणाला, जिंकणाऱ्याचं मुंडकं उडवायचे, तो मान असे. शेजारच्या घोळक्याचा गाइड त्याच वेळी सांगत होता, हरणाऱ्याचं. चिंगी मधोमध उभी राहून दोघांचं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग मॅच ड्रॉच करायची."

उरलेली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. बसमध्ये बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "प्रदक्षिणा राहिली."

कसली ते माझ्या लगेच लक्षात आलं. मधला मोठा पिरॅमिड कुकुल्कानचा, म्हणजे पिसं असलेल्या सर्पदेवाचा, हे त्यांनी बरोबर ऐकलं होतं. उत्तरेच्या जिन्याच्या पायथ्याशी जबडा वासलेली दोन सापांची तोंडं आहेत, तीही पाहिली होती. नागोबाच्या दारात जाऊन तसंच परत यायचं त्यांच्या जिवाला लागलं. तुमच्या जावयांनी डोक्याला हात लावला. आधीच एका माणसाला दोन तिकिटं, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, एक राज्याचं. ते सगळं पुन्हा!

पण आम्ही पुन्हा गेलो. मुक्काम बायादोलिदला हलवला आणि पहाटे वडापच्या गाडीनं निघालो. इथे तिला कोलेक्तिवो म्हणतात. आपल्या डहाणू स्टेशनाबाहेरच्या टमटमचीच थोरली बहीण. भरल्याशिवाय हलायचं नाही. कानकूनपेक्षा या राज्याचं घड्याळ एक तास मागे असतं. फोनला ते आपोआप कळलं. बाबा, तुम्ही लग्नात दिलेल्या घड्याळाला कळलं नाही, आणि जावयांचा विश्वास फोनपेक्षा सासऱ्यांवर जास्त. त्यामुळे आम्ही तासभर आधीच तिथे हजर. ड्रायव्हरही आला नव्हता. गाडी पुसणारा पोरगा तेवढा आमच्याकडे कौतुकानं बघत होता.

शेवटी गाडी भरली. माझ्याशेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या. पांढरा झगा, गळ्याशी आणि घेराला रंगीत फुलांचं भरतकाम. मांडीवर प्लास्टिकची विणलेली पिशवी. गाडी सुटली आणि मला वास आला. बाबा, हा वास मी झोपेतही ओळखेन. आपल्या पडवीत पेंढ्यात पिकायला घातलेल्या फळांचा. मी पिशवीकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि एक फळ काढून चिंगीच्या हातावर ठेवलं. चिकू! आपल्या कालीपत्तीपेक्षा गोलसर, सालीला जास्त खरखर. चिंगीनं हुंगलं आणि ओरडली, "आजोबांचा वास!"

नाव विचारलं तर म्हणाल्या, "सापोते." मायामध्ये नुसतं "या". माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी सांगितलं की आमच्या घरी याची अख्खी वाडी आहे. सूनबाईंनी खोट्या गप्पा मारल्या की आई ज्या नजरेनं बघते, तशा बाई माझ्याकडे बघत राहिल्या. खरंच आहे त्यांचं. हे झाड मूळचं त्यांच्याच रानातलं. आपला "चिकू" हा शब्दसुद्धा यांच्याच "चिकोसापोते"चा तुकडा. 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटले होते. ते मी बाईंना सांगितलं नाही.

आणखी एक. पूर्वी च्युइंगम याच झाडाच्या चिकापासून बनायचं. खोडावर कोयत्यानं नागमोडी चरे पाडायचे, खाली चीक गोळा करायचा आणि आटवायचा. लहानपणी च्युइंगम खाल्लं म्हणून तुम्ही मला पडवीत उभं केलं होतं, आठवतं? ते आपल्याच वाडीतलं निघालं. लाकूडही कामाचं. माया देवळांच्या दारांवर याच्याच तुळया घातलेल्या आहेत, त्यातल्या काही तर हजार वर्षांहून जुन्या. आपण मात्र फांदी मोडली की चुलीत घालतो.

चिचेन इत्झाचं दार उघडलं तेव्हा आत आम्ही, थोडे गोरे लोक आणि हातगाड्यांवरून दुकानं लावायला निघालेले विक्रेते. कानकूनच्या बस दुपारीच येतात. सकाळच्या उन्हात पिरॅमिड एकटा उभा होता. वर चढणं 2006 पासून बंद आहे, हे ऐकून सासूबाईंच्या गुडघ्यांना बरं वाटलं. त्यांनी चपला काढल्या आणि दोरीच्या बाहेरून चालू लागल्या. एक बाजू 55 मीटर. जावई मागे छत्री धरून, त्यांच्यामागे चपला घेतलेली चिंगी. चारही बाजूंना 91 पायऱ्या म्हणजे 364, वरचा चौथरा धरून 365, हे मी पुस्तकातून मोठ्यानं वाचत होते. यांचा महिना 20 दिवसांचा, असे 18 महिने. वर उरतात ते 5 दिवस अशुभ. सासूबाई थबकल्या. "म्हणजे यांच्यातही पंचक आहे!" तेव्हापासून माया लोक त्यांच्या नात्यातले झाले. आणि बाबा, आजोबा चिकू कोडीवर मोजायचे ना, तसं हे लोक सगळंच विसाच्या हिशेबात मोजायचे. एक म्हणजे ठिपका, पाच म्हणजे आडवी रेघ, आणि शून्याला शिंपला.

प्रदक्षिणा संपवून त्या जिन्यासमोर उभ्या राहिल्या आणि आरतीला वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. दगडातून चिवचिवाट आला. टाळीचा आवाज पायऱ्यांवरून परतताना असा होतो, आणि तो क्वेत्झाल पक्ष्यासारखा वाटतो असं म्हणतात. आम्हाला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग पर्समधल्या चिवड्यातले चार चुरमुरे नागोबाला म्हणून दोरीपलीकडे टाकले. मी पहारेकऱ्याकडे बघतेय तोवर एक भला मोठा इग्वाना सावकाश आला आणि चुरमुरे खाऊन गेला. यापुढे आमच्या घरात पुरातत्त्वाबद्दल चर्चा होणार नाही.

(काकांना सांगा, मयासुराचा आणि माया लोकांचा काही संबंध नाही. तो मेसेज त्यांनी मला चार वेळा पाठवलाय.)

दुपारी फाट्यावर जेवलो. गरम तॉर्तिया, म्हणजे मक्याच्या लहानशा भाकऱ्याच, आणि भोपळ्याच्या भाजलेल्या बिया नि टोमॅटो वाटून केलेली चटणी. तिचं नाव सिकिल पाक. "पाक" ऐकून चिंगीनं गोड समजून मोठा घास घेतला. आत हाबानेरो मिरची होती. त्यानंतरचं लिहीत नाही.

परत येताना बाजारातून डझनभर चिकू घेतले, पण निघाले कच्चे. आई, हॉटेलात तुझा तांदळाचा डबा नाही, म्हणून जावयांच्या एकुलत्या एका स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलेत. त्यांना अजून माहीत नाही. केरेतारोत पहाटे थंडी असते, तेव्हा कळेलच.

सर्वांना नमस्कार. काळजी नसावी.

तुमची
माई