थाई हॉटेलात जेवण्याचे प्राथमिक धडे (फक्त चंदगडकरांसाठी)

चंदगड तालुक्यातला माणूस काही कामानं मुंबईला भावाकडं किंवा लेकीकडं उतरतो. रविवारी संध्याकाळी घरातली तरुण मंडळी जाहीर करतात, ‘काका, आज स्वयंपाकाला सुट्टी. जवळच एक थाई आहे, तिकडं जाऊया.’ हे धडे त्या काकांसाठी आहेत. भात, नारळ, मिरची, काजू आणि सुकी मासळी या पाच गोष्टींशी वाचकाची जुनी ओळख आहे असं इथं गृहीत धरलंय. ज्याची नाही त्यानं आधी चंदगडला येऊन जावं.

धडा पहिला : निघण्यापूर्वी

रात्रीच्या गाडीनं येताना आणलेली पिशवी घरीच ठेवावी. तिच्यात काजूगर, रताळी, नाचणीचं पीठ, शेजारच्या आजऱ्याचा घनसाळ आणि कागदात गुंडाळलेली सुकट असते. हॉटेलच्या दारावरचा रखवालदार ती उघडायला लावेल आणि सुकटीचा वास आपल्या आधी आत जाऊन बसेल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आत जे ताटात येणार आहे त्याचा निम्मा कच्चा माल याच पिशवीत आहे, हे लक्षात आलं की बिल बघताना त्रास होतो.

‘हे तर आमच्याकडं परड्यात उगवतंय’ हे वाक्यही पिशवीबरोबरच ठेवून निघावं. जेवताना ते किमान सहा वेळा ओठांवर येईल. पुतण्याच्या मित्रांसमोर एकदाच म्हणण्याची मुभा आहे. कधी, ते पुढं येईल.

धडा दुसरा : वाढणारा मुलगा

त्याचा चेहरा बघून ‘तू थायलंडचा का रे?’ असं विचारू नये. मुंबईतल्या अशा हॉटेलांत वाढणारी मुलं बरेचदा मणिपूरची, मिझोरामची, दार्जिलिंगची नाहीतर नेपाळची असतात आणि हा प्रश्न त्यांना दिवसातून इतक्यांदा येतो की हसून दाखवणं हाही पगाराचाच भाग झालेला असतो. काही विचारायचंच असेल तर गाव विचारा आणि खोलीत किती जण राहता ते विचारा. तो जो आकडा सांगेल तो ऐकून चंदगडच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही.

धडा तिसरा : मेन्यू

मेन्यू जाड असतो. घाबरू नका, त्यात करी, भात, शेवया, सार आणि कोशिंबीर एवढेच प्रकार आहेत, बाकी फोटो.

‘टॉम यम’ म्हणजे आंबट-तिखट सार. कोळंबी घातलेल्या टॉम यमला २०२४ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्यामुळं ते जरा ताठ्यात येतं. त्यात दांड्या, चकत्या आणि जोडपानं तरंगत असतात. दांड्या गवती चहाच्या. चकत्या कोळंजनाच्या, आपल्याकडं गाणारे लोक घशासाठी जे चघळतात त्याचंच भावंड. पानं एका जातीच्या लिंबाची. या तिन्ही गोष्टी खायच्या नसतात, वाटीच्या कडेला सारायच्या असतात. नवखा माणूस ओळखायची ही हमखास खूण आहे : तो गवती चहाची दांडी ऊस चघळावा तशी चघळत बसतो आणि संपत का नाही म्हणून हैराण होतो. (परड्याचं ते वाक्य म्हणायची मुभा इथं आहे. गवती चहाला. एकदाच.)

‘ग्रीन करी’ ताज्या हिरव्या मिरचीच्या वाटणाची, ‘रेड करी’ सुक्या लाल मिरचीच्या. दोन्हींत नारळाचं दूध. ज्यानं पांढरा रस्सा प्यालाय त्याला यात नवीन काही वाटू नये, फक्त एक गोष्ट खटकेल : किंचित गोड लागते. माडाचा किंवा ताडाचा गूळ असतो. तक्रार करू नये. ज्यांना अगदीच परकं वाटतंय त्यांनी ‘मसमन’ मागवावी. तिच्यात दालचिनी, वेलदोडा, शेंगदाणे आणि बटाटा असतो. मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर सयामला गेलेले मसाले आहेत ते, म्हणजे निम्मा रस्ता ओळखीचाच.

आणि ‘पॅड थाई’. या पदार्थाचा इतिहास सरकारी आहे. १९३८ साली पंतप्रधान झालेल्या फिबूनसोंगखराम यांनी देशाचं नाव सयामचं थायलंड केलं आणि राष्ट्रभक्तीच्या त्याच लाटेत लोकांनी परतलेल्या तांदळाच्या शेवया खाव्यात अशी मोहीम चालवली. युद्धाच्या काळात तांदूळ वाचवायचा होता, हेही एक कारण सांगतात. सरकारी मोहिमेतून निघालेली वस्तू चवीला चांगली निघाली आणि जगभर गेली, याचं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही. आपल्याकडं २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. नाचणीचे फलक लागले, नाचणीवर भाषणं झाली, आणि भाषणानंतरच्या जेवणात पुऱ्या होत्या.

धडा चौथा : तिखट

मेन्यूत पदार्थापुढं मिरचीची चित्रं असतात. एक, दोन, तीन. वाढणारा विचारतो, ‘सर, स्पायसी चालेल?’ इथं कोल्हापूर जिल्ह्याची अब्रू पणाला लागली आहे असं वाटून तीनवर बोट ठेवायचा मोह होतो. ठेवू नका.

कारण तिखटाची तऱ्हा वेगळी आहे. आपल्या चटणीतली मिरची सुकवून, भाजून, कांदा-लसूण-खोबऱ्याच्या संगतीनं कुटलेली असते. ती सावकाश चढते आणि घाम फोडून उतरते. थाई लोकांची बोटाच्या पेरापेक्षा जराशी मोठी मिरची कच्ची ठेचून घालतात. ती चढत नाही, थेट पोहोचते. ‘सोम तम’ नावाच्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत ती हमखास भेटते. उखळात पपई, शेंगदाणे, सुकी कोळंबी, लिंबू, गूळ आणि मिरची एकत्र ठेचलेली असते, आणि पपई पांढरी दिसत असल्यानं माणूस बेसावध असतो. लागलंच तर पाणी पिऊ नये. कोरडा भात खावा.

तरीही जिल्ह्याचा अभिमान आवरत नसेल तर एवढं लक्षात घ्या की मिरची ना त्यांची ना आपली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा वकील सयामच्या अयुथया दरबारात पोहोचला. अमेरिकेतली मिरची दोन्ही किनाऱ्यांना त्यांच्याच व्यापाराबरोबर आली. काजूही त्यांनीच ब्राझीलहून गोव्यात आणला, आणि पुढं घाट चढून तो चंदगडच्या डोंगरांवर पसरला. त्यामुळं ‘काजू घातलेलं चिकन’ मागवून त्यातले गर मोजणं, ते अख्खे की पाकळी हे बघणं आणि किलोचा भाव काढणं हे चंदगडकराला शोभतं, पण मोठ्यानं नको.

धडा पाचवा : श्रावण

‘व्हेज ग्रीन करी’ मागवली म्हणजे वार पाळला गेला असं समजू नका. थाई वाटणात मुळात कोळंबीचा आंबवलेला लगदा असतो आणि मिठाऐवजी मासळीचं पाणी, म्हणजे बारीक मासे आणि मीठ वर्षभर मुरवून निघालेला अर्क. मुंबईतली बरीच हॉटेलं शाकाहाऱ्यांसाठी सोयाबीनचा सॉस वापरतात, सगळीच वापरतात असं नाही. स्पष्ट विचारावं. मुंबईत ‘जैन ग्रीन करी’ही मिळते, तिच्यात लसूण नाही, कांदा नाही, जमिनीखालचं म्हणून कोळंजनही नाही. मग राहतं काय, हा प्रश्न विचारण्याचा हक्क ती मागवणाऱ्याचाच.

धडा सहावा : हत्यारं

उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्यानं घास चमच्यावर ढकलायचा, तोंडात चमचा जातो. सुरी नसते, मटण-भाजी आधीच घासाएवढी चिरून येते. पुतण्यानं भातासाठी काड्या मागितल्या तर त्याला शांतपणे सांगावं की थाई लोक काड्या शेवयांच्या वाटीलाच घेतात. अख्ख्या संध्याकाळीत वडीलधाऱ्यानं धाकट्याला शिकवायची ही एकमेव संधी आहे, घालवू नका. चिकट भात मागवला असेल तर तो हातानंच, छोटा गोळा करून खातात. ईशान्य थायलंडची तीच रीत आहे. इथं तुम्ही टेबलावरचे सगळ्यात जाणकार ठरता.

धडा सातवा : वाढून घेणं

प्रत्येकाचं ताट वेगळं येत नाही. मागवलेलं सगळं मध्ये ठेवतात. आपल्या ताटलीत भात घ्यायचा, एका वाटीतलं एक-दोन चमचे घालून तेवढं खायचं, मग दुसऱ्या वाटीकडं वळायचं. सगळ्या करी एकदम भातावर ओतून काला करणं तिथं बरं दिसत नाही.

ही पद्धत चंदगडच्या जुन्या माणसांना शिकवावी लागत नाही आणि त्याचं कारण जेवणात नाही, जागेत आहे. असली हॉटेलं हल्ली जिथं दाटीनं आहेत तो लोअर परळचा भाग म्हणजे गिरणगाव. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात हॉटेलं आणि कचेऱ्या आल्या. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडची हजारो माणसं इथल्या गिरण्यांत साच्यावर उभी राहिली. गावकीच्या एकेका खोलीत राहायची, पाळीप्रमाणं आळीपाळीनं झोपायची आणि महिन्याच्या हिशेबावर खानावळीत जेवायची. त्या खानावळी चाळीतल्या बायका चालवायच्या; प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. भाताचं पातेलं मध्ये, कालवण मोजून, आणि पाठीमागं पुढचा माणूस उठायची वाट बघत उभा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुष्कळ जण ‘महिन्याभरात मिटंल’ म्हणत गावी गेले ते गावीच राहिले.

त्या मानानं थाई जेवण मुंबईत थाटात उतरलं. १९९३ साली कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात ‘थाई पॅव्हिलियन’ सुरू झालं, शेफ आनंद सॉलोमन यांच्या हाताखाली. पंचतारांकित दारातून आत आलेली करी गल्लीबोळांत यायला वेळ लागला. तिच्या पाठीशी सरकारही होतं. २००२ च्या सुमारास थायलंडनं जगभर थाई हॉटेलं वाढवायची रीतसर योजनाच आखली. कोल्हापूरला असं सरकार लाभलं नाही. आपलं नाव ढाब्यावाल्यांनी परस्पर वापरलं आणि देशभर ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची एक लाल भाजी पसरली, जी कोल्हापूरच्या कुठल्या घरात शिजत नाही. मुंबईची ग्रीन करी बँकॉकच्या माणसाला कशी लागत असेल याचा अंदाज यावरून यावा. मला विचाराल तर दोघांनी एकमेकांना समजून घ्यावं.

धडा आठवा : गोड

आंबा आणि चिकट भात, वर खारट-गोड नारळाचं दूध. नारळी भात खाणाऱ्यानं नाक मुरडू नये.

धडा नववा : बिल

कुणी द्यायचं यावरून काउंटरपाशी झोंबाझोंबी करू नये. पुतण्यानं फोनवरून आधीच दिलेलं असतं. ‘सर्व्हिस चार्ज’ ऐच्छिक आहे, तो आपोआप लावू नये असं केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं २०२२ मध्येच बजावलंय. तो काढायला लावून तेवढे पैसे वाढणाऱ्या मुलाच्या हातात द्यावेत.

निघताना अभिप्रायाचा कागद पुढं येतो. चव, स्वच्छता, सेवा यांपुढं तारे रंगवायचे. शेवटचा प्रश्न असतो : आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं? पर्याय तीन-चार : मित्रांकडून, इन्स्टाग्रामवर, येताजाता पाटी बघून. ‘याच गेटातून पहिल्या पाळीला आत येत होतो’ असा चौकोन छापलेला नसतो. ‘इतर’वर खूण करावी.