बॉनेटकाका

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात गाडी बाजूला घ्या, खटका ओढा आणि बॉनेट वर करा. दांडा खाचेत अडकवायच्या आत मागून आवाज येतो, "काय, सेल्फ उचलत नाही?" वळून बघायची गरज नाही. ते बॉनेटकाका.

अंगात बनियन, त्यावर बटणं न लावलेला शर्ट, खाली अर्धी चड्डी, आणि शर्टाच्या खिशाला पेन लावावं तसा लावलेला टेस्टर. गाव बदललं तरी पोशाख बदलत नाही. पूर्वायुष्याचे मात्र तीन प्रकार आढळतात. पहिले थळच्या आरसीएफमधून निवृत्त झालेले, दुसरे एसटीतले आणि तिसरे 'बोटीवर होते' असे. बोटीवर नेमकं काय करत होते ते विचारायचं नसतं. "मी बोटीवर होतो," असं काका म्हणाले की वाद संपतो, कारण समोरच्याची मजल बहुधा रेवसच्या लाँचपुढे गेलेली नसते.

काकांचं निदान गाडी बघण्याआधीच झालेलं असतं. "बॅटरी गेली." तरी शास्त्र म्हणून ते खिशातला टेस्टर काढतात, बॅटरीच्या टर्मिनलला टेकवतात आणि दांड्यातला दिवा लागतो का ते डोळे बारीक करून बघतात. तो लागत नाही. लागणारच नाही, कारण हा टेस्टर घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगसाठी बनवलेला आहे. कारची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि ती काठोकाठ भरलेली असली तरी त्यातला निऑनचा दिवा ढिम्म राहतो. पण मालकाला हे ठाऊक नसतं आणि काकांना ठाऊक करून घ्यायचं नसतं. "बघा, करंटच नाही," ते म्हणतात आणि टेस्टर पुन्हा खिशाला जातो. या टेस्टरने आजवर किती धडधाकट बॅटऱ्या मृत घोषित केल्या त्याची नोंद कुठे नाही.

खरं म्हणजे बॅटरी वरचेवर उतरते तेव्हा संशयित मोजकेच असतात. एकतर बॅटरीच म्हातारी झालेली असते. तीन-चार-पाच वर्षं हेच तिचं आयुष्य. किंवा अल्टरनेटर, ज्याला काका अजून डायनामो म्हणतात, तो तिला भरत नसतो. किंवा गाडी बंद असतानाही काहीतरी गुपचूप करंट खात असतं. दोनचारशे रुपयांच्या मीटरने यातल्या पहिल्या दोघांची झडती पाच मिनिटांत होते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पोटभर जेवलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धपोटी आणि १२च्या खाली म्हणजे जवळपास उपाशी. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४च्या दरम्यान चढला तर डायनामोची तक्रार नाही. तिसरा चोर पकडायला मात्र वेळ लागतो. काकांकडे दिवसभर वेळच वेळ असतो, पण तो थांबण्यात घालवायचा त्यांचा स्वभाव नाही.

डायनामो तपासायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल उपटायचं. गाडी चालू राहिली तर डायनामो ठीक, बंद पडली तर खलास. जुन्या जीपवर आणि मेटॅडोरवर हे खपून गेलं. आजच्या गाडीत बॅटरी ही डायनामोच्या लहरी पोटात घेणारी वडीलधारी बाई असते; तिला मधूनच उठवलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि हजारो रुपयांचा इलेक्ट्रॉनिक मेंदू जळू शकतो. असं काही झालंच, तर काका मागे हात बांधून म्हणतात, "आधीच वीक होता."

एका बाबतीत मात्र त्यांना मानलं पाहिजे. खाऱ्या वाऱ्याने आमच्या किनाऱ्यावर लोखंडाचं काय होतं ते गेटच्या बिजागऱ्यांना विचारा. बॅटरीच्या टर्मिनलवर तर पांढरी-हिरवी बुरशी उगवल्यासारखी पूड धरते. आत बॅटरी भरलेली असली तरी त्या पुडीतून सेल्फपर्यंत करंट पोचत नाही, आणि तेवढ्यासाठी लोक नवी बॅटरी घेतात. इथे काका घरातून किटलीभर उकळतं पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा मागवतात. सोडा टाकला की टर्मिनल फसफसतं, पाणी ओतलं की घाण वाहून जाते, मग काथ्याने घासायचं, टर्मिनल आवळायचं आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवायचा. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. काकांच्या कीर्तीचा पाया म्हणजे हीच किटली. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर खालच्या बोल्टपाशी तितकीच सडलेली असते, पण तिथे वाकायला लागतं, म्हणून ती काकांच्या शास्त्रात येत नाही.

काकांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे शनिवार-रविवारचे बंगलेवाले. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, आठवडा उलटतो न उलटतो तोच टाळेबंदी लागली, आणि बंगल्यांच्या पोर्चमध्ये ज्या गाड्या अडकल्या त्या महिनोन्महिने हलल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात काकांनी म्हटलं ते खरं होतं, सगळ्यांच्याच बॅटऱ्या गेल्या होत्या. आता रो-रो रोजची झाली तरी बंगल्याची गाडी वेगळीच असते. मुंबईत वय झालेली गाडी विकायला मन होत नाही म्हणून तिला नागावला नाहीतर किहीमला पेन्शनीत धाडतात. तिने करायचं काय, तर शुक्रवारी रात्री मांडव्याला साहेबांना घ्यायला जायचं, शनिवारी मासळीबाजार आणि रविवारी परत मांडवा. मधले दिवस ती कापड पांघरून सुपारीखाली उभी. शुक्रवारी माळी चावी फिरवतो, आतून नुसतं 'टक' होतं, आणि बॉनेट वर जायच्या आत काका कुंपणापाशी हजर.

तरी वाडीतली गाडी परवडली. काकांचं रूप खुलतं ते जंगल जेट्टीवर. आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणाऱ्या या फेरीबोटीवर पर्यटक इंजिन बंद करतात, पण गाणी, पंखा आणि दिवे चालूच ठेवतात. पोरं दारं उघडी टाकून जंजिरा कुठे दिसतो ते बघत असतात. दिघीचा उतार खाली पडतो, आणि नेमकी सगळ्यात पुढची गाडी 'टक' म्हणते. मागे दोन टेम्पो, एक एसटी, मोटारसायकलींचा घोळका आणि सगळ्यांचे हॉर्न. इतक्यात कुठून तरी बनियन आणि उघडा शर्ट येतो. दोन्ही हात वर करून हॉर्न थांबवतो, स्टिअरिंगवरच्या जावयाला "सेकंड टाका, क्लच दाबा, मी सांगेन तेव्हा सोडा," म्हणतो आणि चार खलाशांना मागे लावतो. गाडी उतारावर हिसका देऊन सुरू होते. जावई आभार मानायला थांबत नाही, कारण थांबला तर पुन्हा बंद पडेल. गाडी ऑटोमॅटिक गिअरची निघाली तर सेकंड टाकायची सोयच नसते. मग काका पाच मिनिटं नव्या जमान्यावर बोलतात आणि टेम्पोवाल्याकडून जंपर केबल मागवतात. केबल जोडायचा क्रम ते बरोबर सांगतात, एवढंच की प्रत्येक वेळी वेगळा सांगतात.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवरून मुरूड-अलिबाग पट्ट्यात घुसलं, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तेव्हा आमच्या आळीत काकांची पडवी हेच एक वीजकेंद्र होतं. त्यांनी 'गेल्या' म्हणून गोळा केलेल्या बॅटऱ्या ओळीने मांडल्या होत्या, आळीपाळीने एका ट्रॅक्टरवर चार्ज होत होत्या, आणि त्यांच्यावर आख्ख्या आळीचे मोबाईल लागले होते. मुंबईतल्या पोराला "आम्ही जिवंत आहोत" हे कळलं ते काकांच्या बॅटरीवर. गेलेल्या बॅटऱ्या इतक्या चालतात कशा, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

शेजारच्या वाडीतल्या बंगल्याच्या गाडीवर मात्र काकांची मात्रा चालेना. बॅटरी बदलली, गाडी पुन्हा बंद. दुसऱ्या कंपनीची बसवली, तरी पुन्हा बंद. "हल्ली मालच असा येतो," काका म्हणाले. शेवटी साहेबांनी चौलकडचा एक वायरमन बोलावला. पंचविशीचा पोरगा, बोलायला कमी. त्याने बॉनेट उघडलं आणि काका पुढे सरसावले, "बॅटरी गेली."

"असंल," तो म्हणाला आणि दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्हची वायर सोडवली. काका नेहमी आधी पॉझिटिव्ह सोडवतात, मग पाना बॉडीला लागून ठिणगी उडते आणि ते खूष होतात. या पोराने सुटलेली वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरवर ठेवला आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून ते 'टक्' करून मिटवलं. दार उघडं, पण गाडीची समजूत की बंद आहे.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता काय नाय. गारीला झोपू द्या."

नव्या गाड्या चावी काढल्यावर लगेच झोपत नाहीत. आतले यंत्रमेंदू एकेक करून डोळे मिटतात. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. तोवर मीटरवरचा आकडा खरा नसतो. पोरगा पायरीवर बसला आणि काकांच्या अंगात मुंग्या आल्या.

अलिबागला असं धीराने मोजण्याची जुनी परंपरा आहे, ती काकांच्या वाट्याला आली नाही एवढंच. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या भटक्या करंटने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय सुया बिघडतील हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ती चुंबकीय मोजणी १९०४ साली अलिबागला आली. इमारतसुद्धा अशी बांधली की तिच्यात सुईला ओढणारं लोखंड नको. मूससाहेबांना बॉनेटकाका भेटले असते तर "सुई गेली, नवीन टाका," एवढ्यावर काम आटोपलं असतं.

काकांना राहवलं नाही. "बघू तरी झोपली का," म्हणत त्यांनी मागचं दार उघडलं. आतला दिवा लागला, मीटर एकदम चार अँपिअरवर गेला, आणि डोळा लागत आलेली गाडी टक्क जागी झाली. पोरगा काही बोलला नाही. दार लावलं, पुन्हा पायरीवर जाऊन बसला. साहेबांनी काकांना चहा प्यायला आत नेलं; त्या सकाळी साहेबांनी केलेलं ते सर्वात उपयोगी काम.

चहानंतर मीटर ०.६ वर स्थिर होता. झोपलेल्या गाडीने घड्याळ, अलार्म आणि रिमोटच्या सोयीसाठी ०.०२ ते ०.०५ खावं, एवढ्याने ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला आठवडा-दोन आठवडे तरी कळत नाही. ०.६ म्हणजे दिवसाला चौदा अँपिअर-तास. रविवारी रात्री भरलेली बॅटरी बुधवारपर्यंत कोरडी. शुक्रवारी येणाऱ्याला कुठून सापडणार?

पोरगा एकेक फ्यूज उपटू लागला. एक काढायचा, मीटर बघायचा, परत लावायचा. दिवे, हॉर्न, पंखा, वायपर, सगळे निर्दोष सुटले. सारे फ्यूज संपले तरी आकडा जागचा हलेना. काकांचा चेहरा उजळला. "सांगितलं ना? बॅटरीच आतून खाते."

पोरगा परत बॅटरीकडे आला. पॉझिटिव्हच्या क्लॅम्पखाली कंपनीच्या जाड वायरीबरोबर एक बारीकशी लाल वायर दाबलेली होती. फ्यूजबॉक्सला न विचारता ती टेपच्या गुंडाळीत सीटखालून डिकीत गेली होती, गाण्यांच्या ॲम्प्लिफायरला. तिच्यापाशी फ्यूजही नव्हता. त्याने ती सोडवली. मीटर ०.०३.

"ही डायरेक्ट लाईन कोनी दिली?"

साहेब काकांकडे बघायला लागले. काका नारळाकडे बघायला लागले. मागच्या दिवाळीत साहेबांच्या मुलाला किनाऱ्यावर चावी न फिरवता गाणी हवी होती, आणि त्यावर "त्यात काय, डायरेक्ट देऊ," असं आळीत एकच माणूस म्हणू शकतो.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," काका नारळाला म्हणाले, "मध्ये एक बटण टाका."

पोराने ॲम्प्लिफायरची लाईन फ्यूज टाकून चावीवर घेतली आणि तीनशे रुपये सांगितले. दोन बॅटऱ्यांचे पैसे निमूट मोजलेल्या साहेबांना ते जास्त वाटले. काकांनाही वाटले. "एक वायर तर काढलीस," ते म्हणाले, "दोनशे घे." पोराने तीनशेच घेतले आणि मोटारसायकलला किक मारली.

साहेब हिशेब करत उभे होते. "काका, म्हणजे ती पहिली बॅटरी चांगलीच होती की. तुम्ही भंगारात देतो म्हणून नेलीत ती. मिळेल का परत?"

"आता कशी मिळेल?" काका म्हणाले. "तिच्यावर पडवीतला दिवा चालतो. आणि तुमच्या दुसरीवर मागच्या दारचा."